दहावा टॉवेल

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताईला क्वार्टर मिळालं. दुपारी तिनेच फोन करून सांगितलं. किल्ली हातात आली आहे, खोलीला खिडकी आहे, नळाला पाणी येतं. पाणी तिने स्वतः नळ उघडून बघितलं, कारखान्याच्या माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. ताई तशीच आहे.

दोन वर्षं ती औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते आणि तिथल्याच वसतिगृहात राहते. वसतिगृहात मुलं ठेवू देत नाहीत, म्हणून भिंगरी माझ्याकडे. भाऊजी गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता आठवं लागलंय. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी.

क्वार्टरसमोरच्या शाळेत दुसरीच्या वर्गात एक जागा रिकामी झाली आहे. दोन मार्चला चाचणी. वाचन आणि गणित. पास झाली तर त्याच आठवड्यापासून वर्गात बसवतील. वाचनाची काळजी नाही. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, माझ्या फोनवरचे मेसेज, ती सगळं वाचते. अडतं ते गणितात. हातच्याची बेरीज तिला येत नाही, आणि चाचणीत तीच असते असं ताईने शाळेत जाऊन विचारून घेतलंय.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर जागा दुसऱ्याला जाईल. मग पुढच्या वर्षी बघायचं. आणखी एक वर्ष तुझ्याकडेच. चालेल ना तुला?"

"मला काय, चालेल की."

"तसं म्हणू नकोस रे. शिकव तिला. दोन वर्षं झाली, मी तिची वेणी घातली नाही."

"शिकवतो ना. महिना आहे हातात."

मग भिंगरीने फोन ओढून घेतला. "आई, खिडकीतून काय दिसतं?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मग पुन्हा. फोन ठेवला तोवर दूध उतू गेलं होतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पुस्तकातून शिकवायला बसलो. 'एककाची बेरीज करा, दशक डोक्यावर लिहा.' भिंगरीने विचारलं, कुणाच्या डोक्यावर? पाच मिनिटांत पेन्सिल पलंगाखाली गेली आणि तिच्यामागोमाग भिंगरी. ती बाहेर येईना.

मग मला सुचलं. लाँड्रीत माझं काम गठ्ठे बांधायचं. हॉटेलांचे हात पुसायचे छोटे टॉवेल धुऊन, वाळून, घड्या होऊन माझ्या टेबलावर येतात. दहाचा एक गठ्ठा. सुतळी आम्ही वापरत नाही, तिचे डाग पडतात. नऊ टॉवेल एकावर एक ठेवायचे, दहाव्याने गुंडाळायचे आणि टोक आत खोचायचं. गठ्ठा फेकला तरी सुटत नाही. कडा उसवलेले टॉवेल टाकाऊ म्हणून कोपऱ्यात पडलेले असतात. सुपरवायझरला विचारून पिशवीभर घरी आणले. सहा गठ्ठे तिथेच बांधून घेतले, बाकीचे सुटे ठेवले.

जेवणाआधी फरशीवर मांडून बसलो.

"तेवीस म्हणजे काय?"

"दोन गठ्ठे आणि तीन सुटे." लगेच.

"एकेचाळीस?"

"चार गठ्ठे, एक सुटा. सोप्पंय हे. हे काय गणित आहे का?"

"आता आठ सुटे घे. त्यात सहा टाक. सुटे ढीगभर झाले की काय करायचं?"

"गठ्ठा!" ती एवढ्याने ओरडली की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थापा मारल्या. तेवढ्यात दारावर कुणी आलं म्हणून मी उठलो. परत आलो तेव्हा तिने तयार गठ्ठ्याकडे बघून तसाच गठ्ठा बांधून टोकसुद्धा आत खोचलं होतं. इतकं नीट, की माझ्या टेबलावर खपून जावं. मी म्हटलं, हा नवा गठ्ठा उचलून डावीकडे गठ्ठ्यांत ठेवायचा. हाच हातचा. ती म्हणाली, मग तसं सांगायचं ना आधी.

दोन वर्षांत ती माझ्याकडून शिकलेली ही पहिली गोष्ट असावी. म्हणजे शिट्टी सोडून.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

घोळ आहे. वहीत गणितं घातली. टॉवेलांऐवजी सुट्याला छोटी रेघ आणि गठ्ठ्याला चौकोन काढायचा, असं ठरवलं. चित्र काढते, उत्तर लिहिते आणि चित्र खोडून टाकते. वही तिला स्वच्छ लागते, हे आईचं घेतलंय.

सत्तावीस अधिक पंधरा, तिचं उत्तर एक्केचाळीस. अडतीस अधिक सव्वीस, त्रेसष्ट. सेहेचाळीस अधिक अठरा, तेही त्रेसष्ट. हातचा नसलेली गणितं सगळी बरोबर. हातचा आला की एकाने कमी.

सोळा अधिक चोवीस घातलं तर पेन्सिलच खाली ठेवली.

"हे होत नाही."

"का होत नाही?"

"नाही होत, मामा. पुरत नाही."

"काय पुरत नाही?"

वर्गात बाई मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघत असाव्यात, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग पाणी प्यायला गेली आणि आलीच नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

शाळेच्या फाटकापाशी काल बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, घाई करते, लक्ष नसतं, एका जागी बसवा. संध्याकाळी ताईशी बोललो, तीही तेच म्हणाली. एकाने चुकते म्हणजे येतंय रे तिला, फक्त धांदरट आहे. लहानपणी तू पण तसाच होतास. मी म्हटलं, मी धांदरट नव्हतो, तू पाठीवर धपाटे घालायचीस म्हणून चुकायचो. ताई खूप वेळ हसली. तिचं हसणं फोनवर ऐकलं की वाटतं ती स्वयंपाकघरात आहे आणि आता दारात येईल.

भिंगरी पलंगावर पालथी पडून अभ्यास करते. नीट बसली तर नीट लक्ष लागेल. म्हणून सुताराकडे जाऊन टेबल आणि खुर्ची सांगून आलो. त्याने विचारलं, मुलगी कितवीत? म्हटलं, दुसरीत. "दोन इंच उंचच करतो," तो म्हणाला, "मुलं काय, भराभर वाढतात. चार वर्षं तरी बघायला नको." करा म्हटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सापडलं.

सकाळी टेबलावर काम करत होतो. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं असतं. नऊ ठेवले, दहावा उचलला, गुंडाळला, खोचला. पुढचा गठ्ठा. नऊ ठेवले, दहावा उचलला, आणि हात तसाच राहिला. गुंडाळायचा टॉवेल दहातलाच असतो, हे मी भिंगरीला कधी सांगितलंच नाही. ती दहा मोजते, आणि मग गुंडाळायला आणखी एक घेते. तिचा गठ्ठा अकराचा. म्हणून एक कमी. आणि सोळा अधिक चोवीसमध्ये सुटे बरोबर दहा होतात, मग गुंडाळायला काही उरतच नाही. 'पुरत नाही' म्हणत होती बिचारी! मी बांधून दिलेले तयार गठ्ठे दहाचे, हे तिने माझ्या शब्दावर धरलं. सोडून कशाला बघेल?

मी मोठ्याने हसलो. घडीच्या टेबलावरून मावशींनी मान वर केली. मावशी आमच्यात सगळ्यांत जुन्या, त्यांनी चादर झटकली की आजूबाजूचे दोन पावलं मागे सरकतात.

"काय रे, एकटाच हसतोस? लग्न ठरलं की काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनाही हसू आलं. "अगं बाई, म्हणजे पोरगी बरोबर आणि मास्तरच चुकला! जा, आज घरी जाऊन सांग. दोन मिनिटांचं काम आहे."

"सांगतो की."

घरी आलो तर तिला शिंका येत होत्या. आजारी मुलीला गणित कुठे शिकवायचं. उद्या.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सर्दी गेली. काल सांगणारच होतो, पण चाचणीत वाचनही आहे, त्याचा सराव बरेच दिवस झालाच नव्हता. दोघांनी आलटून पालटून गोष्ट वाचली. तिने अस्वलाचा आवाज काढला, मी कोल्ह्याचा. काकूंनी पुन्हा भिंत वाजवली.

आज विचार केला, घाईने सांगण्यात अर्थ नाही. आधी बिनहातच्याच्या बेरजा अगदी पक्क्या होऊ देत. पाया भक्कम हवा. मध्येच नवीन काही सांगितलं तर आहे तेही विसरायची. वीस गणितं घातली, वीसही बरोबर. तिने विचारलं, "हातच्याची नाही आज?" म्हटलं, सोमवारी.

ती वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत बसली होती. बघायला गेलो तर हाताने झाकलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

अभ्यासाला सुट्टी. तळ्याकाठच्या बागेत गेलो. झोपाळ्यावर तिला जोरात झोके हवे असतात आणि मग ती "पुरे, पुरे" ओरडते आणि थांबवलं की "का थांबवलंस?" विचारते. तिचे बूट अंगठ्याशी फाटले आहेत, येताना नवे घेतले. दुकानदाराला म्हटलं, एक माप मोठं द्या. पुढे कापूस घालू, पुढच्या वर्षीही होतील.

संध्याकाळी ताईचा फोन.

"कुठवर आलं?"

"येतंय, येतंय."

"अजून चुकते का?"

"थोडं. होईल."

ताई म्हणाली, "मी खिडकीला पडदा शिवलाय. तिला पिवळा आवडतो ना अजून?"

मला एकदम आठवेना. भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, आवडतो, पण तिला हिरवा पण आवडतो, पण आईने पिवळा शिवला असेल तर पिवळाच. मग झोपेपर्यंत खिडकीचंच बोलणं. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, असं आईने सांगितलंय. म्हणजे मधल्या सुट्टीत ती मैदानात आणि आई खिडकीत, दोघींना एकमेकी दिसणार. "आणि आई कामावर असेल तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा खिडकी तर दिसेल," ती म्हणाली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

मावशींनी डबा उघडता उघडता विचारलं, "सांगितलंस का पोरीला?"

"आज सांगणार आहे."

"तुझा आज बुधवारपासून चाललाय."

"मावशी, तिला एकदम सांगून चालत नाही. पाया पक्का..."

"पाया काय, इमारत बांधतोयस का?" त्यांनी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. "हे बघ. घर रिकामं झालं की कसं वाटतं ते मला नको सांगूस, माझ्या दोन्ही मुली सासरी आहेत. पण तिच्या वहीत फुल्या पडताहेत त्या कुणाच्या?"

मला राग आला. म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मग दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी चादरी नेहमीपेक्षा जोरात झटकल्या.

घर रिकामं होण्याचा यात काय संबंध?

घरी आलो. भिंगरीने आज चित्र काढून, खोडून, पुन्हा काढून सात गणितं केली होती, मी घातलेली नसताना. सगळी एकाने कमी. मी फुल्या केल्या नाहीत. म्हटलं, उद्या बघू.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सुताराने टेबल-खुर्ची आणून दिली. चांगलं काम केलंय, कडा गोल घासल्यात. खिडकीजवळ लावलं. भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि टुणकन खुर्चीवर बसली. पाय लोंबकळत होते. तिने ते पुढे-मागे हलवून बघितले.

"मामा, पाय पोचत नाहीत."

"पुढच्या वर्षी पोचतील."

पाय हलायचे थांबले.

"पुढच्या वर्षी मी इथे असणारे?"

मी म्हटलं, तसं नाही गं, टेबल कुठेही नेता येतं. ती ऐकत नव्हती. नव्या बुटांकडे बघत होती, ज्यांच्या पुढे कापूस घातलाय.

"म्हणजे मला येणारच नाही, हे तुला माहितीये," ती म्हणाली. विचारत नव्हती. उद्या शाळेला सुट्टी आहे, हे जसं सांगतात तसं सांगत होती.

मग तिने दप्तरातून वही काढली आणि मागचं पान उघडलं. सोळा अधिक चोवीस. खाली पुन्हा सोळा अधिक चोवीस. पूर्ण पानभर तेच, खाली रेघ मारलेली आणि उत्तराची जागा कोरी. "हे एक आलं असतं ना, तर मी आईला सांगितलं असतं. पण नाहीच पुरत."

ती रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, लिमलेटची गोळी दिली असती, आणि कदाचित पुन्हा उद्या म्हटलं असतं. पण ती नुसती बसून राहिली, पाय लोंबकळत.

मी पिशवी ओतली आणि फरशीवर बसलो. "इकडे ये. हा गठ्ठा मी बांधलेला आहे. सोड आणि मोज."

तिने टोक ओढलं, वरचा टॉवेल बाजूला टाकला आणि मोजायला लागली. "...सात, आठ, नऊ." पुन्हा मोजले. "नऊच आहेत! मामा, तू चुकलास!"

"आणि तो बाजूला टाकलास तो?"

"तो तर बाहेरचा आहे."

"बाहेरचा पण मोजायचा."

तिने तो टॉवेल उचलला, उलटसुलट करून बघितला. "म्हणजे हा पण दहातलाच?"

"हो. बाहेरून असतो, पण दहातलाच असतो."

तिने टॉवेल खाली ठेवला. मग कुणी न सांगता सहा सुटे घेतले, चार घेतले, नऊ रचले आणि दहाव्याने गुंडाळले. टोक खोचलं. फरशीवर आता एकही सुटा नव्हता. "पुरलं," ती हळूच म्हणाली. मग ओरडली, "पुरलं! चाळीस! चाळीस आहे!" भिंत वाजली. भिंगरीने उलट भिंत वाजवली आणि म्हणाली, "काकू, चाळीस!"

मग वहीतलं ते अख्खं पान तिने भरून काढलं. प्रत्येक रेघेखाली चाळीस. शेवटच्या रेघेपाशी मान वर न करता विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"कामावर असताना."

"आज?"

"मागच्या आठवड्यात. सांगायचं विसरलो."

तिने पेन्सिल थांबवली. "तू तर काहीच विसरत नाहीस. डबा नाही, बाटली नाही, रुमाल नाही. मला सर्दीचं औषध द्यायलासुद्धा विसरत नाहीस."

म्हटलं, चल, जेवायला वाढतो.

शनिवार, २१ फेब्रुवारी

शाळा अर्धा दिवस, म्हणून भिंगरी दुपारी लाँड्रीत आली. हातचा आता पाण्यासारखा येतो. टॉवेल लागत नाहीत, चित्र लागत नाही, रेघ मारली की उत्तर. मी घालतो त्यापेक्षा मोठे आकडे तीच मागते. चाचणीला लागणार नाहीत असे तीन-तीन आकडी.

माझे गठ्ठे ती एकेक करून तपासायला लागली. मग मावशींच्या टेबलापाशी गेली.

"मावशी, बाहेरचा पण धरायचा बरं का."

"हो का? बरं झालं बाई सांगितलंस. माझं आयुष्य चुकतच गेलं असतं."

"खरंच?"

"नाही गं, ठेंगणे." मावशींनी तिला टेबलावर बसवलं, डब्यातला अर्धा लाडू तिच्या हातावर ठेवला, आणि उरलेला अर्धा माझ्यासमोर आणून ठेवला. मी लाडू खाल्ला.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

ताईला फोनवर ऐकवायचं म्हणून भिंगरीने तिलाच आकडे घालायला सांगितले. ताईने घातले, भिंगरीने तोंडी उत्तरं दिली. तिसऱ्या-चौथ्यानंतर तिकडून आवाज येईना.

"आई, घाल ना पुढचं. हॅलो? मामा, फोन कट झाला वाटतं."

कट झाला नव्हता. मी फोन कानाला लावला तर ताई म्हणाली, "थांब रे जरा. आकडे सुचत नाहीयेत."

मी थांबलो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

ताई आली. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, ते फोनवर कुठलं कळायला. भिंगरी दारात उभी राहिली आणि एकदम लाजली. आईला ओळखत नसल्यासारखी माझ्या मागे आली, माझा शर्ट धरून. ताईने घाई केली नाही. चपला काढल्या, पाणी प्यायली, पलंगावर बसली आणि पिशवीतून कंगवा काढला. नुसता हातात धरून बसली. थोड्या वेळाने शर्ट सुटला. भिंगरी तिच्यासमोर पाठ करून जाऊन बसली, आणि ताईने वेणी घातली. मी घालतो ती दुपारपर्यंत सुटते.

ताईचं लक्ष टेबलाकडे गेलं. "एवढं उंच कशाला केलंस?"

"सुताराने केलं."

ताईने माझ्याकडे बघितलं. लहानपणी बाबांच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं की आई त्यांच्याकडे बघायची, तशी. मग म्हणाली, "तू पण चल की तिकडे. कपडे तिकडेही मळतात."

"बघू."

"बघू म्हणजे नाही. मला माहीत आहे तुझं बघू."

"बघू म्हणजे बघू, ताई."

रविवार, १ मार्च

गेल्या. गाडी सकाळची होती. सामान फार नव्हतं, दोन पिशव्या आणि दप्तर. नव्या बुटांतला कापूस ताईने काढून नवा घातला, कारण माझा एका बाजूला गोळा झाला होता.

भिंगरी खिडकीशी बसली. काच वर करून म्हणाली, "मामा, नापास झाले तर तू रागावशील?"

"नाही."

"आणि पास झाले तर?"

"तर कशाला रागवेन?"

"तसं नाही. पास झाले तर तू एकटाच अस्वलाचा पण आवाज काढणार?"

म्हटलं, अस्वल आता तिकडे असेल, इकडे नुसता कोल्हा. ती त्यावर विचार करत होती, तेवढ्यात गाडी हलली. उत्तर बहुतेक फोनवर येईल.

परत येताना रस्त्यात शाळेची घंटा वाजल्यासारखं वाटलं आणि मी भरभर चालायला लागलो. रविवारी कुठली घंटा. मंदिराची असेल, नाहीतर कुणाची सायकल.

काकूंनी दार उघडून विचारलं, "पोरगी कुठेय? घर एवढं शांत का?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगोबाई," आणि मग दाराला धरून उभ्याच राहिल्या. आम्ही दोघं थोडा वेळ तिथेच उभे होतो.

सोमवार, २ मार्च

साडेदहाला भिंगरी चाचणीला आत गेली. ताईने शाळेच्या फाटकातून फोन करून सांगितलं. एकूण सहा मुलं आहेत. भिंगरी घाबरलेली नाही, उलट शिपायाला विचारत होती की मैदान याच बाजूला आहे ना. वेणी नीट होती. हे ताईने मला दोनदा सांगितलं.

हे जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, टेबलाच्या कोपऱ्यावर. मावशींनी सकाळपासून दोनदा घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा म्हणाल्या की हे घड्याळ मागे पडतं.

खरं लिहायचं तर काल रात्रभर मला दोन्ही बाजूंनी वाटत होतं. ती पास होईल. तिला सगळं येतं, आणि ते मी बघितलंय. त्यात आता शंका नाही. पण सकाळी दूध घ्यायला गेलो तेव्हा सवयीने दोघांचं घेतलं, आणि क्षणभर मनात आलं, एक गणित चुकलं तर? एकच. लगेच स्वतःची लाज वाटली आणि दूध सगळं पिऊन टाकलं. आता पोट जड झालंय.

निकाल चार वाजता फळ्यावर लावतील. ताई तिथूनच फोन करणार आहे. आधी कोण बोलणार, हे दोघींनी गाडीतच ठरवून ठेवलंय आणि ताईने मला सांगून टाकलंय. नापास झाली तर आधी ताई बोलेल. पास झाली तर फोन भिंगरीच्या हातात, आधी तीच बोलणार, आई मध्ये बोलणार नाही. म्हणजे चार वाजता फोन उचलला की पहिल्या शब्दालाच कळेल.

सुपरवायझरला सांगितलंय, चारला पाच मिनिटं बाहेर जाईन. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नाही. मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत असतात, तिथे शांत असतं. तिथे जाऊन उभा राहणार आहे. फोन वाजला की लगेच उचलणार.

पहिला आवाज तिचाच यायला हवा.